शैले, तुझी बाटली

१२ जुलै, रात्री साडेअकरा

प्रिय शैले,

तुझा तो फोटो येऊन पाच वर्षं झाली. केप टाउनच्या कर्स्टनबॉश बागेत रानबदामाच्या त्या जुन्या कुंपणापाशी तू उभी आहेस आणि खाली एकच ओळ: "कुमे, हिला विचार कुठून आलीस." मी उत्तर दिलं नाही. कामात असेन असं तुला वाटलं असेल. कामात नव्हते गं. उत्तर माहीत होतं, म्हणून दिलं नाही.

तब्येत ठीक. गोळ्या चालू आहेत, गुडघा आहे तसाच आहे. आमच्याकडे सगळे बरे. हे एवढं पुरे, कारण आज जे सांगायचंय ते दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

मागच्या आठवड्यात वृंदाचा व्हिडिओ आला. आता ती विभागप्रमुख आहे, माहीत आहेच तुला. वर्गात ती एक मोठा कागद हातात धरून उभी. कागदावर गोंडवन, म्हणजे दक्षिणेचे सगळे भूभाग एकत्र होते तेव्हाचं महाखंड काढलेलं, मधोमध लाल शाईचा मोठा ठिपका, म्हणजे आपल्या प्रोटिएसी कुळाचं फूल. तिनं कागद टर्रकन फाडला. आधी आफ्रिका, मग भारत आणि मादागास्कर, मग ऑस्ट्रेलिया, शेवटी दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका. बहुतेक तुकड्यांवर लाल शाईचा डाग आला. तुकडे मुलांत वाटले आणि थोडं थांबून ती म्हणाली, "फूल कुठेही गेलं नाही. जमीन गेली."

ते थांबणंसुद्धा माझं, शैले. चष्मा काढून हातात घेणंही माझंच. व्हिडिओखाली तिनं लिहिलं होतं, "मॅडम, तुमचा कागद." मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, अर्धा मिनिट.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅम, फिजी कुठल्या तुकड्यावर?" तिथेही या कुळाचं झाड आहे हे त्यानं कुठेतरी वाचलेलं. वृंदानं क्षणभरही न थांबता सांगितलं, "तो अपवाद. अपवाद बाजूला ठेवून आधी नियम समजून घ्या."

हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द. मला कुणी कुणी हा प्रश्न विचारला आणि मी कसं कसं हे वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं, ते सगळं त्या रात्री डोळ्यांसमोरून गेलं. फिजी ज्वालामुखीतून वर आलेली बेटं आहेत, ती गोंडवनाच्या कुठल्याच तुकड्यावर नव्हती. तिथे प्रोटिएसीचं एकही झाड असेल तर त्याचं बी पाणी ओलांडून आलेलं असणार, दुसरा मार्गच नाही. एका मुलाला हे दिसतं आणि मी सव्वीस वर्षं त्याला अपवाद म्हणत होते.

आता बाटलीचं बोलू. इतक्या वर्षांत आपण दोघींनी तो विषय काढला नाही, आणि तू काढला नाहीस यात तुझा मोठेपणा आहे.

वसतिगृहाच्या खिडकीतली ती बाटली. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, तू प्रयोगशाळेतून तराजू आणून मोजलं होतंस. आत सहा सागरगोटे आणि सिल्व्हर ओकच्या, म्हणजे प्रोटिएसीतल्याच झाडाच्या, चिमूटभर बिया. बाहेर लेबल, तारीख, तुझं ते मुंग्यांसारखं अक्षर. आपला वाद तेव्हा ऐन भरात होता. मी म्हणत होते, खंडं फुटली आणि झाडं त्यांच्यावर बसून गेली. तू म्हणत होतीस, बिया समुद्रावरून गेल्या. तू मला गोंडवनाची महाराणी म्हणायचीस आणि मी तुला सागरगोटा. (घोट्यापर्यंत पाण्यात गेलीस की किंचाळायचीस, आणि म्हणे बिया महासागर ओलांडतात!)

सतराव्या दिवशी बाटली नाहीशी झाली. मी तुला सांगितलं, वास सुटला म्हणून वॉर्डनबाई ओरडल्या, टाकायला लावली. शैले, वॉर्डनबाई काहीही बोलल्या नव्हत्या. वास होता हे खरं, पण मी ती मोरीत ओतली कारण सागरगोटे अजून तरंगत होते आणि मला ते बघवत नव्हतं. सिल्व्हर ओकच्या बियांचं काय झालं ते मी पाहिलंच नाही. डोळे मिटून ओतलं म्हटलंस तरी चालेल. तू तीन आठवडे माझ्याशी बोलली नाहीस, तुला खरं कळलंय असं मला तेव्हाही वाटायचं. आता विचारते: कळलं होतं का?

गंमत म्हणजे आपलं हे भांडण आपल्या आधी दोन मोठ्या माणसांनी भांडून ठेवलेलं आहे. तुला हे ठाऊक आहे, पण मला पुन्हा एकदा मांडायचंय, कारण या वेळी मी तुझ्या बाजूनं वाचलं. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८३९ मध्ये बाविसाव्या वर्षी जहाजावर चढला, चार वर्षं दक्षिणेचे समुद्र हिंडला. टास्मानिया, न्यूझीलंड, अमेरिकेचं अगदी खालचं टोक, मधली उजाड बेटं. इतक्या लांब लांबच्या जागी एकाच घराण्याची झाडं. त्यानं म्हटलं, मध्ये कधीतरी जमीन असली पाहिजे. डार्विनला हे पटेना. गरज पडली की समुद्रातून जमीन वर काढायची, हे त्याला मान्य नव्हतं. त्यानं १८५५ साली घरी बरण्या मांडल्या आणि बिया खाऱ्या पाण्यात भिजत टाकल्या. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवसांनंतरही रुजले आणि थोड्या तर १३७ दिवस टिकल्या. त्याची मुलं सारखी विचारायची, बाबा, तुम्ही डॉक्टर हूकरना हरवणार का? आणि हे सगळं डार्विन हूकरलाच पत्रातून कळवत होता! इतकं भांडून त्यांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. त्यांच्यातल्या कुणी दुसऱ्याची बरणी ओतून दिली नाही, एवढाच काय तो फरक.

पण डार्विनला तेव्हाच एक अडचण कळली होती: बी जगून भागत नाही, तरंगलं पाहिजे. ताजी हेझलची फळं लगेच बुडाली. तीच वाळवली तर ९० दिवस तरंगली आणि नंतर रुजलीही. मी पूर्वी हा भाग वर्गात सांगताना फक्त 'बुडाली' इथपर्यंत सांगत असे. वाळवल्यावर काय झालं ते सांगत नसे. हे मुद्दाम करत होते असं म्हणवत नाही, पण नकळत करत होते असंही म्हणवत नाही.

माझी बाजू अगदीच पोकळ होती असं नाही हं. जॉन्सन आणि ब्रिग्ज यांचा १९७५ चा लेख आपण दोघींनी एकाच झेरॉक्सवर वाचला, आठवतं? प्रोटिएसी कुळात जवळपास ८० प्रजाती, म्हणजे जातींचे गट, आणि १,७०० च्या आसपास जाती. निम्म्याहून अधिक ऑस्ट्रेलियात, मग आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपमध्ये दाट गर्दी, थोड्या दक्षिण अमेरिकेत, मादागास्करला, न्यूझीलंडला, आणि वर आशियात हेलिसियासारख्या. नकाशा समोर ठेवला की जुनं गोंडवन डोळ्यांसमोर उभं राहतं. त्यात बिया पाहाव्यात तर कुणाला समुद्र ओलांडता येईल असं वाटतच नाही. केपच्या कित्येक जातींच्या बियांना तर मुंग्या नेतात! बीवरचा तो मऊ खाऊ खायला म्हणून वारुळात नेतात, खाऊ खाऊन बी तिथेच टाकतात, आणि वणवा येऊन गेला की ते जमिनीतून वर येतं. काही पावलांचा प्रवास. असं बी हजारो मैलांचा समुद्र कसं ओलांडणार, हा माझा हुकमी प्रश्न होता. तू गप्प बसायचीस आणि मला वाटायचं मी जिंकले.

तो प्रश्न अजूनही मला सोडत नाही, हे तुला सांगून ठेवते. पण मी त्यातून निष्कर्ष चुकीचा काढला. 'मला कसं ते कळत नाही' यावरून 'झालंच नाही' असं ठरवून टाकलं.

झालं हे कशावरून, तर वयावरून. डीएनएतले फरक मोजायचे, जुन्या परागकणांच्या आणि पानांच्या जीवाश्मांशी घड्याळ लावून घ्यायचं आणि दोन फांद्या एकमेकींपासून केव्हा सुटल्या ते काढायचं. आफ्रिका बाकीच्या गोंडवनापासून निदान दहा कोटी वर्षांपूर्वी सुटी झाली. जमिनीवर बसून गेलेली झाडं असतील तर केपच्या झाडांचं आणि ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या सख्ख्यांचं वेगळं होणंही तेवढंच जुनं निघायला हवं. निघालं नाही. केपच्या अनेक शाखा त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या नातलगांपासून कितीतरी नंतर सुटल्या आहेत. मध्ये महासागर पसरलेला असताना. म्हणजे त्या आल्या.

आणि शैले, हे मला आज कळलेलं नाही. बार्कर, वेस्टन वगैरेंचा हे दाखवणारा शोधनिबंध २००७ सालचा आहे. तो माझ्या कपाटात आहे. मी तो त्याच वर्षी मागवला, सारांश वाचला, आणि फाईलला लावून ठेवला. त्यानंतरही दरवर्षी कागद फाडत राहिले. कारण कागद फाडला की मुलांचे चेहरे उजळायचे. बाकी सगळं तास संपेपर्यंत विसरायची पोरं, पण तो कागद जन्मभर विसरली नाहीत. वृंदासुद्धा नाही.

हीच माझी काळजी आहे. मी निवृत्त झाले, माझं काय, पण ते वाक्य माझ्याबरोबर निवृत्त झालं नाही. वृंदा आहे, त्या दोघी जुळ्या आहेत, तो कविता करणारा पोरगा आहे, आणि ज्यांची नावंही आठवत नाहीत असे किती. ते सगळे आता कुठे कुठे कागद फाडत असतील आणि मागच्या बाकावरच्या मुलांना 'अपवाद' म्हणून गप्प करत असतील.

तुझ्या कुंपणाचं सांगते आता, पाच वर्षं उशिरा. रानबदाम. १६६० साली डचांच्या व्हान रीबेकनं केपच्या वसाहतीच्या हद्दीवर लावलेलं कुंपण, त्यातला तुकडा अजून जगतोय आणि तू त्याच्यापाशी सूनबाईंचा गॉगल लावून उभी आहेस (तुला तो शोभत नाही, हेही पाच वर्षं राहून गेलं). ब्राबेजम या प्रजातीत ही एकच जात, आणि केपचीच. तिचे जवळचे नातलग आफ्रिकेत नाहीतच. एक नातं ऑस्ट्रेलियातल्या मॅकाडेमियाशी, दुसरं दक्षिण अमेरिकेतल्या पॅनॉप्सिसशी. फळ मखमली, बदामासारखं, आणि झाड ओढ्याकाठचं: फळं पाण्यात पडतात आणि पाणी त्यांना नेतं. तू हे सगळं त्या एका ओळीत विचारलं होतंस. हिला विचार कुठून आलीस. आली ती पाण्यावरून आली असावी, शैले. घे.

पण मला माझी अर्धी बाजू सोडायची नाही, त्यासाठी पुन्हा तीन आठवडे अबोला धरलास तरी चालेल. ऑस्ट्रेलियातली वारटाह आणि चिलीतलं नोत्रो, दोन्ही लालभडक, दोन्ही परागणासाठी पक्ष्यांवर विसंबणारी, दोन्ही एकाच उपगटातली. यांच्यासाठी समुद्र लागत नाही. ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका बराच काळ एकमेकींना धरून होत्या आणि अंटार्क्टिकावर तेव्हा जंगल होतं. या कुळाचे तिकोनी परागकण तिथल्या खडकांत सापडतात. बर्फाचं मोठं पांघरूण आलं ते सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी झाडं आपली पिढ्यान् पिढ्या पसरत पसरत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली असतील. नंतर मधलं घर गोठलं आणि दोन टोकांना दोन बहिणी राहिल्या. इथे माझा कागद खरा आहे. मला अंटार्क्टिकावरच्या त्या जंगलाचं अजून रडू येतं, तू हसायचीस तरी.

आणि न्यूझीलंड! आज तिथे या कुळाच्या मूळच्या फक्त दोन जाती उरल्यात, पण जुन्या थरांतले परागकण सांगतात की पूर्वी खूप होत्या. म्हणजे आज जिथे जे दिसतं त्यावरून रेघा ओढणंसुद्धा फसवं. कोण आलं, कोण गेलं, कोण येऊन संपलं. माझ्या कागदात संपणं नव्हतंच. शाईचा डाग एकदा पडला की पडला.

माणसांनी केलेली ने-आण तर वेगळीच. ऑस्ट्रेलियातली हेकिया एकोणिसाव्या शतकात केपला नेली, कुंपणासाठी. ती कुंपण सोडून डोंगरभर पसरली. तिची लाकडासारखी टणक फळं वणव्यात उघडतात आणि जळालेल्या जमिनीवर पंखवाल्या बिया उधळतात. आता ती केपच्या मूळच्या झाडांना, म्हणजे स्वतःच्याच भावकीला, रेटून बाहेर काढते आहे. कोट्यवधी वर्षांनी भेट झाली ती अशी.

तुझं काय चाललंय? मोतीबिंदूचं झालं का? सूनबाईंची परीक्षा? घर बदलणार होतात त्याचं पुढे काय झालं ते कुणीच सांगत नाही. दातार सर गेल्याचं मला उशिरा कळलं, तुला फोन करावासा वाटला आणि केला नाही. या पत्रात हे दोन ओळींत उरकतेय, रागावू नकोस, वेगळं लिहीन.

वृंदाला काय लिहू, ते सांग. तीन मसुदे फाडले. पहिल्यात मी इतकी माफी मागितली की ती घाबरली असती. दुसरा म्हणजे नुसता लेखच झाला. तिसऱ्यात लिहिलं, "कागद फाडत जा, पण वाटताना एका मुलाच्या हातात तुकडा देऊ नकोस, नुसतं बी दे." मला हे आवडलं, पण मग भीती वाटली की हेही पुन्हा एक चटकदार वाक्यच झालं आणि पुढची तीस वर्षं तेच चालेल. तू असतीस तर म्हणाली असतीस, कुमे, आधी त्या मुलाचं नाव विचार. म्हणून सकाळी वृंदाला फोन करून पहिल्यांदा तेच विचारणार आहे. फिजीवाला मुलगा कोण, आणि त्याला खरं उत्तर मी स्वतः लिहून पाठवलं तर चालेल का.

अजून एक. मागच्या अंगणातला सिल्व्हर ओक यंदा एप्रिलमध्ये भरभरून फुलला होता. मी शिडी लावून एक तुरा खाली आणला आणि इतक्या वर्षांनी पुन्हा भिंग घेऊन बसले. केशरी-पिवळ्या कंगव्यासारखा तुरा, सगळी फुलं एका अंगाला. पाकळ्या म्हणून काही नाही, पाकळीसारखी चारच परिदलं आणि प्रत्येकावर चिकटलेला एकेक परागकोश. कळीला चीर पडते आणि कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, कमान होऊन बाहेर फुगतो, पण टोक आत अडकलेलं. मी बघत असताना एक सुटलं. फट्कन सरळ झालं आणि टोकावर आपल्याच फुलातले पिवळे परागकण घेऊन उभं राहिलं, पक्ष्याच्या कपाळाला लावायला. तुला हाक मारावीशी वाटली. घरात कुणाला हाक मारून सांगणार?

त्याची फळं आता वाळली. होडीसारखं छोटं फळ, चोचीसारखं टोक, एका बाजूनं उकलतं. आत एक नाहीतर दोन चपट्या बिया, भोवती कागदासारखा पातळ पंख. चाळीस बिया निवडून घेतल्या. काचेची बाटली, लिटरला ३५ ग्रॅम मीठ, खिडकीत. आज नऊ दिवस झाले. पाणी दोनदा बदललं, कारण वास सुटतो, तू म्हणायचीस तसा. किती तरंगतात आणि किती बुडाल्यात ते रोज वहीत लिहितेय, पण इथे लिहीत नाही. तू येऊन मोज.

लेबल कोरं ठेवलंय. तारीख ३ जुलै. तू आलीस की लिही, पेन तिथेच ठेवलंय.

तुझी,
कुमुद